अळणी महिना

केतकी आजगावकरला कुणाच्याही केसावरून त्या माणसाचं सरलेलं वर्ष वाचता येत असे, पण स्वतःच्या वडिलांनी दुपारी लोणचं खाल्लं की नाही हे कळायला तिला त्यांची बोटं हुंगावी लागत. रक्तदाब वाढल्यापासून डॉक्टरांनी अप्पांचं मीठ बंद केलं होतं. अप्पांची सगळी नोकरी वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली. गाड्या सोडायच्या त्यांनी आणि अडवायच्याही त्यांनीच. आता त्यांच्याच ताटातली मिठाची चिमूट दुसऱ्या कुणी अडवावी, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. केतकीने बरणी पिठाच्या डब्यामागे लपवली, माळ्यावर लपवली, एकदा तर वॉशिंग मशीनमध्ये लपवली. अप्पांना ती सापडलीच. केसावरून चोरी पकडावी म्हटलं तर तीही सोय नव्हती, कारण त्यांच्या डोक्याचा पार गोटा झालेला होता.

"गो, ह्येच्यापेक्षा माका सलाईन लाव," पानावर बसल्या बसल्या ते म्हणायचे. "त्यात तरी मीठ असतां."

केतकी हसायची आणि कामावर निघायची. काम गावाबाहेर, खाडीच्या अंगाला असलेल्या छावणीत होतं. आश्रयाचा कायदा होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. धर्मापायी ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला परत धाडायचं नाही, एवढंच त्या कायद्याचं म्हणणं. म्हणायला सोपं होतं. पण कोकणच्या किनाऱ्याला होड्या लागू लागल्या, आणि होडीतून उतरणारा प्रत्येकजण माझ्याच जिवावर बेतलंय म्हणू लागला, तेव्हा खरं कुणाचं हे ठरवायचं कसं, इथे घोडं अडलं.

बहुतेक होड्या एकाच देशातून येत. त्या देशाचं नाव आश्रय मंडळाच्या कागदांवर लिहीत नसत, कारण लिहिलं की त्यांच्या वकिलातीचा निषेध येई; आपणही तो ताप कशाला घ्या. येणारे लोक नाहिरी पंथाचे. त्यांचा देव कसा, प्रार्थना कशी, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की वसंतातला एक महिना ते मीठ खात नाहीत. समुद्राने आपल्या पूर्वजांना जिवंत सोडलं, म्हणून वर्षातून एक महिना समुद्राचं समुद्राला सोडायचं, अशी काहीशी त्यांची श्रद्धा. तिकडच्या राज्यकर्त्यांच्या हाती नेमकी हीच खूण लागली होती. त्या महिन्यात तपासणीवाले ऐन जेवणाच्या वेळी घरात शिरत, चुलीवरच्या भांड्यात पळी घालून चव बघत. जे घर अळणी निघे, त्या घरातल्या माणसांना दगडाच्या खाणीवर नेत. तिथून कुणी परत येत नसे.

सुरुवातीला मंडळाचे अधिकारी इथे त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे. प्रार्थनेची तिसरी ओळ कोणती, आणि कुठल्या दिशेला तोंड करून म्हणायची. घोकून आलेले धडाधड उत्तरं देत, आणि ज्यांची त्या प्रार्थनेपायी घरं जळली होती ते त्त-त-प-प करत. लबाड राहिले आणि खरे परत गेले, असं बऱ्याचदा झालं. केतकी तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. तिला हे बघवेना, म्हणून तिने ते यंत्र तयार केलं.

यंत्रामागचं शास्त्र तसं साधं आहे. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, आणि वाढताना रक्तात जे फिरत असतं त्याचा अंश त्यात कायमचा अडकतो. मीठ स्वतः केसात टिकत नाही. ते घामाने येतं आणि अंघोळीने जातं. पण जेवणातलं मीठ बंद झालं की शरीर सावध होतं, आणि आहे ते मीठ धरून ठेवायला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त तयार करू लागतं. ते मात्र केसात बसून राहतं, कितीही धुतलं तरी. केतकीच्या यंत्रातला लेझरचा किरण केसाच्या टोकापासून मुळाकडे सरके आणि पडद्यावर एकेका आठवड्याची रेघ उमटत जाई. अळणी महिना त्या रेघेवर टेकाडासारखा वर येई. बरोबरीने आणखी एक रेघ येई, कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीरातल्या ताणाची आणि भीतीची. तिचं मंडळाला काही काम नव्हतं. यंत्रातून ती आपसूक यायची, म्हणून यायची.

यंत्र बसवताना केतकीने एक हट्ट धरला होता. निकालाला माणसाचा हात लागता कामा नये. कापलेल्या बटेचं पाकीट यंत्रात गेलं की निकाल थेट मंडळाच्या संगणकावर जाणार. मध्ये ना तिची सही, ना कुणाची शिफारस. माणसाच्या हाती उरली ती फक्त कात्री, आणि तपासणाऱ्याला दर अर्जामागे एकदाच हरकत घ्यायची मुभा. नमुना समुद्राच्या पाण्याने किंवा उन्हाने खराब झालाय असं वाटलं, तर पुढच्या अळणी महिन्यानंतर नवा नमुना मागता येई. ती मुभा केतकीने कधी वापरली नव्हती. तिचा यंत्रावर विश्वास होता.

मंडळाचे सदस्य गजेंद्र धुरी हे आधी जिल्हा न्यायाधीश होते. छावणीतल्या प्रत्येकाचा निवाडा त्यांच्या हाती. नुसत्या अंदाजाने माणसं परत धाडताना त्यांचं अन्न गोड लागेनासं झालं होतं. यंत्र आल्यापासून आपण जरा माणसांत आलो, असं ते केतकीला कितीदा तरी म्हणाले होते.

अशात कार्तिकातल्या एका होडीतून नेरिमा आली. पस्तिशीची, रुंद हाडाची, कमी बोलणारी. तिच्या होडीतल्या सगळ्या नाहिरींच्या केसांत टेकाडं निघाली. हिच्या केसात नाही. केस चांगला कमरेपर्यंत लांब, म्हणजे कितीतरी वर्षांचा हिशेब, आणि एकाही वसंतात उपवासाची खूण नाही. निकाल मंडळाकडे गेला. धुरींनी तिला परत पाठवायचा हुकूम तयार करायला सांगितला.

केतकीला त्यात वेगळं काही वाटलं नाही. प्रत्येक होडीत असे दोघं-तिघं निघत. खऱ्यांच्या गर्दीत मिसळून आलेले, असं ती समजत आली होती. फाईल मिटता मिटता तिची नजर दुसऱ्या रेघेवर गेली एवढंच. नेरिमाचा वसंत भीतीने नुसता पेटलेला होता. उपवास करणाऱ्यांच्या केसांत भीती होतीच, पण हिच्याइतकी कुणाच्याच नाही, आणि तीही बरोबर त्याच महिन्यात, दर वर्षी. जी बाई खुशाल मीठ खाते, तिने तपासणीवाल्यांना भ्यायचं कारण काय?

ती छावणीच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे गावातल्या बचत गटाच्या बायका रांधत, आणि नेरिमा त्यांच्या हाताखाली लागली होती. तिथेच ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. केतकीला आणखी एक गोष्ट आठवली. तिच्या होडीतले लोक नेरिमा समोरून आली की उठून उभे राहत, पण तिच्या पंगतीला कधी बसत नसत. तोतया म्हणून वाळीत टाकलं असेल, असं केतकीने तेव्हा मानलं होतं. पण तोतया बाईसाठी कुणी उठून उभं राहत नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तिने सरळच विचारलं. नेरिमाने कानातलं दुभाषी यंत्र काढलं आणि पिठाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं.

"ते सगळं लिहून ठेवतं," ती म्हणाली. "तू ताई म्हणून ऐक. मंडळ म्हणून नको."

मग तिने जे सांगितलं ते असं. प्रत्येक नाहिरी घरात त्या महिन्यात दोन भांडी चढतात. एक सगळ्यांचं अळणी, आणि एक मिठाचं. मिठाचं भांडं घरातल्या एकाच माणसासाठी असतं. दार वाजलं की अळणी भांडं राखेत पालथं होतं आणि तो माणूस मिठाचं भांडं घेऊन पुढे होतो. तपासणीवाल्यांना चव देतो, त्यांच्यासमोर स्वतः खातो, हसतो, बसा म्हणतो. बाकीचे मागे उभे राहतात. अशी त्यांची घरं तगली. बाकीच्यांचं मीठ खाल्ल्याचं पाप तो एकटा आपल्या अंगावर घेतो, आणि एकदा घेतलं की जन्मभर घेतो. नेरिमाच्या घरात आत्या हे करायची. आत्या वारली तेव्हा तीन बहिणींत मोठी म्हणून नेरिमाने भांडं घेतलं.

"महिना संपला की मी एकेकाच्या तोंडात मिठाचा पहिला घास घालते," ती म्हणाली. "माझ्याच हाताने. तेव्हा त्यांचा महिना सुटतो."

"आणि तुला कोण घालतं?"

"मला कशाला? मी कुठे ठेवलाय?"

केतकी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसली. प्रत्येक होडीतले ते दोघं-तिघं तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले. एक म्हातारा तर जाताना तिच्यापुढे वाकला होता. पकडला गेल्यावरही केवढा नाटकीपणा, असं तिला वाटलं होतं. त्यांच्यातला एकही तोतया नव्हता. घरातल्या सगळ्यांना पाठीशी घातलेली ती माणसं होती, आणि त्यांना हुडकून हुडकून परत पाठवणारं यंत्र तिने बनवलं होतं. नेरिमाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुन्हा डाळ घोटायला लागली.

त्याच दिवशी केतकीने नेरिमाच्या अर्जावर आपली एकुलती एक हरकत नोंदवली. नमुना खाऱ्या पाण्याने खराब झालाय, पुढच्या अळणी महिन्यानंतर नवा घ्यावा. धुरींनी भुवया उंचावल्या, पण मान्य केलं. मग तिने आडवळणाने विचारलं, की एखाद्या प्रकरणात काही नाजूक बाब असेल तर निकाल गुप्त ठेवता येतो का.

"नाही येत. कायद्याने प्रत्येक निवाडा कारणांसकट जाहीर करावा लागतो," धुरी म्हणाले. "आणि मॅडम, तिकडे आपले निवाडे वाचायला माणसं बसवलीत. आपण काय लिहितो ते आपल्या लोकांआधी ते वाचतात. का, काय झालं?"

काही नाही म्हणून केतकी उठली. खरं सांगावं तर नेरिमा वाचेल. पण जो मीठ खातो त्याच्याच घरात उपवास आहे, हे तिकडे कळलं की ज्या घरांतून आजवर पळी समाधानाने बाहेर आली ती सगळी घरं उघडी पडतील. नेरिमाची आई आणि दोन्ही बहिणी अजून तिथेच होत्या. नेरिमाने तर आधीच बजावलं होतं, की तू हे लिहिलंस तर मी म्हणेन बाई खोटं बोलते.

राहिला एकच मार्ग, आणि तो केतकीला इतका सोपा वाटला की ती दुसऱ्या दिवशी जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली. या वसंतात महिनाभर मीठ सोड, बास. केसात टेकाड येईल, यंत्र ते वाचेल, तू सुटशील. इथे दार वाजवायला कुणी येत नाही.

नेरिमाने हातातलं काम थांबवलं. रागावली नाही. लहान मुलाला समजवावं तशी बोलली.

"मी ठेवला तर त्यांचा मोडतो, ताई. सगळ्या वर्षांचा. मी त्यांचं धरलंय. मी सोडलं तर ते त्यांच्या अंगावर पडतं."

"तुला परत पाठवतील. पळालीस म्हणून खाणीवर नेतील."

"नेतील," नेरिमा म्हणाली.

केतकीने पुष्कळ डोकं लावलं. देवाला एवढं कळत नसेल का, असंही म्हणून पाहिलं. नेरिमाने चुलीतलं लाकूड आत सारलं. त्या हिवाळ्यात केतकी हा विषय काढी आणि दर वेळी हात हलवत परत येई. तिला नेरिमाचा राग यायचा, मग त्या रागाची शरम वाटायची, मग नुसता थकवा यायचा. श्रद्धा हा तिचा प्रांत नव्हता. घरातल्या देवांनाही ती अप्पांच्या धाकाने नमस्कार करायची. पण आपल्या माणसांचं ओझं असं वर्षानुवर्षं धरून ठेवणारी बाई तिने दुसरी पाहिली नव्हती, आणि तिला मरू द्यायला तिचं मन घेईना.

कसं सुचलं, कधी सुचलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. माघात तिने केस रंगवणं बंद केलं, कारण रंगवलेला केस यंत्र नाकारत असे. कानांमागे पांढरं दिसू लागलं. प्रयोगशाळेतल्या मुली म्हणाल्या, मॅडम, संन्यास घेताय की काय. तिने हसून सोडून दिलं. आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात पहिले हापूस आले, तिकडे नाहिरींचा महिना सुरू झाला, त्या दिवशी केतकीने आपल्या ताटात मीठ वाढून घेतलं नाही.

अप्पांच्या हे लगेच लक्षात आलं.

"तू कित्याक अळणी खातंस? तुका काय झालां?"

खरं सांगणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही एकटेच कंटाळता, म्हणून मी सोबत करते. अप्पा उठले, आत गेले, आणि लोणच्याची बरणी आणून तिच्यापुढे ठेवली. ती त्या दिवशी त्यांच्या कपाटात, जुन्या खाकी गणवेशाच्या घडीत होती. हे फेकून दे, असं त्यांनी हातानेच सांगितलं. बापाशी खोटं बोलून तिने त्यांचं प्रेम फुकटात घेतलं होतं, आणि आता ते परतही करता येत नव्हतं.

महिनाभर मीठ सोडणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. घरचं सोडलं तरी मीठ पाठ सोडत नाही. पावात असतं, बिस्किटात असतं, सुकटीत तर असतंच. आधी चव गेली, मग भूक गेली. पुढे पुढे उन्हात चालताना पाय जड व्हायला लागले, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बांगड्याचं तिखलं शेजारच्या घरात शिजायचं आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. अप्पा तिला कौतुकाने कलिंगडाची फोड द्यायचे. छावणीत त्याच वेळी नेरिमा आपल्या ताटात चिमूटभर जास्तच मीठ घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवायची. दोघी एकमेकींना दिसायच्या. एकीला दुसरीचं ठाऊक होतं, दुसरीला काहीच नाही.

महिना संपल्यावर तेवढा केस कातडीबाहेर यायला वेळ द्यावा लागतो. मे संपता संपता नमुना घ्यायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी केतकीने आरशासमोर बसून मानेवरच्या काळ्या केसांची बारीक बट अगदी कातडीलगत कापली, माघापासून वाढलेली, रंग न लागलेली तेवढी ठेवून बाकीचं टोक टाकून दिलं, आणि बट ॲप्रनच्या खिशात ठेवली. कापलेल्या केसाला मूळ नसतं, त्यामुळे तो कुणाचा हे मंडळ तपासत नसे. पाकीट बंद झाल्यावर त्यावर अर्जदाराचा अंगठा घेतला की त्यांचं समाधान होई. केसात माग ठेवणारं पाणीही दोघींनी त्या चार महिन्यांत एकाच नदीचं प्यायलेलं. यंत्र तिने इतकं चोख बांधलं होतं की त्यात घुसायला एकच फट उरली होती, आणि ती फट म्हणजे ती स्वतः.

नेरिमा पाठमोरी बसली. केतकीने तिची बट कापली आणि खिशात टाकली. खिशातली काढून पाकिटात घातली. नेरिमाने वळून पाकिटावर अंगठा उमटवला आणि म्हणाली, "तुला वाईट वाटून घ्यायचं नाही हां, ताई. तू पुष्कळ केलंस." आता आपल्याला परत पाठवणार असं समजूनच ती बोलत होती. तिने आपली वळकटी बांधूनही ठेवली होती.

यंत्र घरघरलं. पडद्यावर रेघ उमटत गेली आणि वसंताशी येऊन टेकाडासारखी वर चढली.

धुरींना मनापासून आनंद झाला. त्यांनी केतकीला बोलावून चहा पाजला. "तुमची हरकत बरोबर होती बघा," ते म्हणाले. "नाहीतर मी एका निर्दोष बाईला पाठवून बसलो असतो. तुमच्या यंत्रामुळे मॅडम, मला रात्रीची झोप लागते." केतकीने चहा संपवला. त्या माणसाची झोप आता आपल्या खोटेपणावर उभी आहे, हे तिला कळत होतं, आणि ती त्याला तशीच झोपू देणार होती.

मिरजेला कामाची सोय लागली, तेव्हा निघण्याआधी नेरिमा केतकीच्या घरी आली. मंजुरीचं कळल्यापासून ती गोंधळलेली होती. आनंद झाला होता, पण तो घ्यायचा कसा ते तिला समजत नव्हतं. आपण मीठ खाल्लं हे तिला पक्कं माहीत होतं. यंत्र चुकलं म्हणावं, तर ते आजवर चुकलेलं तिने पाहिलं नव्हतं.

अप्पांनी केतकीला तिचं पान वाढायला लावलं. पाहुणीच्या आमटीत मीठ, आपल्या आमटीत नाही, हे सांगताना त्यांना आपल्या लेकीचं कौतुक करायची संधी मिळाली.

"ह्या माझ्या चेडवान माझ्यासाठी महिनोभर अळणी खाल्लां. म्हाताऱ्याक सोबत म्हणान."

"कुठला महिना?" नेरिमाने विचारलं.

"खयचो म्हणजे? आंबे इले तेव्हाचो."

नेरिमाचा हात ताटातच थांबला. तिने केतकीकडे पाहिलं. कानामागचे पांढरे केस पाहिले, मग मानेपाशी, जिथे बट कापलेली जागा अजून आखूड होती, तिथे पाहिलं. केतकी खाली बघत होती. नेरिमाने अप्पांना मीठ कुठे आहे विचारलं. अप्पा लगबगीने उठले, कारण या घरात मीठ कुठे कुठे असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नेरिमाने केतकीच्या ताटातला भात कालवला, त्यावर चिमूटभर मीठ घातलं, घास केला, आणि तिच्या तोंडापाशी धरला.

"तुझा महिना सुटलाच नव्हता, ताई," ती म्हणाली. "घे."

केतकीने घास घेतला. त्या महिन्यानंतर ती रोजच मीठ खात होती, तरी त्या घासाची चव तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्यासारखी झाली, आणि ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. नेरिमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अप्पा बरणी हातात घेऊन दाराशी उभे होते. लोकांच्या चेहऱ्यावरून कुठली गाडी चुकली ते ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"म्हणजे तां माझ्यासाठी नाय होतां," ते शेवटी म्हणाले.

केतकीने मान हलवली. त्यांच्याकडे बघायचा तिला धीर होईना. अप्पा सावकाश येऊन आपल्या पानावर बसले.

"असांदे," ते म्हणाले. "माझां ब्लडप्रेशर तर खराच उतरला मां."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. कालच आणखी एक होडी लागली होती, आणि तिच्यातल्या दोघांच्या केसांत तेच होतं: उपवास नाही, आणि भीती मात्र काठोकाठ. एक तरणा मुलगा, एक आजी. दोघांच्या नावाने तिने हरकत नोंदवली होती. सारख्या हरकती घेतल्या तर धुरींना संशय येईल, आज ना उद्या येणारच. पण पुढच्या आंब्यांपर्यंत वेळ मिळाला होता.

"दोघांक तुझे केस पुरतले?" अप्पांनी विचारलं.

"पुरतील. पण एकाच डोक्याचे किती दिवस चालवणार, अप्पा?"

अप्पांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून मागून पुढे हात फिरवला.

"माझे आसते तर दिले आसते गो," ते म्हणाले, आणि बरणी नेरिमाच्या ताटापाशी सरकवून त्यांनी आपली अळणी आमटी भुरकायला सुरुवात केली.